ट्रॅकवर धावणाऱ्या स्पोर्ट्स कारचे ऑइल पॅन बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील उत्तरे प्रामुख्याने पोर्शेच्या पाण्याने थंड होणाऱ्या सहा सिलिंडरी बॉक्सर (आडव्या सिलिंडरांच्या) इंजिनांना, म्हणजे एम९६ आणि एम९७ या दोन मालिकांना, समोर ठेवून लिहिली आहेत. १९९६ साली आलेल्या पहिल्या बॉक्स्टरपासून २००८ पर्यंतच्या बॉक्स्टर, केमन आणि ९११ कॅरेरा या गाड्यांत ही इंजिने आहेत. आज या गाड्या जुन्या बाजारात तुलनेने स्वस्त मिळतात आणि म्हणूनच हौशी चालक त्या मोठ्या संख्येने ट्रॅकवर आणतात. गाडी दुसऱ्या कंपनीची असली तरी तेलाच्या वागण्यामागचे भौतिकशास्त्र तेच राहते. मात्र सुटे भाग आणि आकडे आपापल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतून पडताळून घ्यावेत.

ऑइल पॅन म्हणजे नेमके काय?

आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला 'चेंबर' म्हणतात, तेच हे ऑइल पॅन. इंजिनाच्या तळाशी बोल्टने बसवलेले हे भांडे इंजिनभर फिरून खाली येणारे तेल साठवते. भांड्याच्या तळापासून थोड्या उंचीवर जाळी लावलेली एक नळी असते, तिला पिकअप म्हणतात. ऑइल पंप या नळीतून तेल ओढतो आणि गाळणीतून पुढे क्रँकशाफ्टच्या (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगांकडे, कॅमशाफ्टकडे (झडपा उघडणाऱ्या दांड्याकडे) व चेनच्या ताणकांकडे ढकलतो. नळीचे तोंड तेलात बुडालेले आहे तोपर्यंत सर्व ठीक असते. ते उघडे पडले की पंप तेलाऐवजी हवा ओढतो. ऑइल पॅनमधील प्रत्येक सुधारणा शेवटी हे तोंड बुडालेले ठेवण्यासाठीच असते, आणि कोणताही भाग विकत घेताना तो हे काम कसे करतो, एवढाच प्रश्न विचारावा.

रस्त्यावर लाखभर किलोमीटर विनातक्रार चाललेली गाडी ट्रॅकवर का अडखळावी?

कारण रस्त्यावर आपण वळण घेतो ते दोन-तीन सेकंदांचे आणि सौम्य असते. पाण्याचा टँकर चौकात वळताना आतले पाणी हिंदकळते आणि लगेच जागेवर येते, तसे तेलही येते. ट्रॅकवर मात्र ते हिंदकळून परतत नाही. एका बाजूला जाऊन तिथेच राहते.

थोडे गणित करून पाहू. गाडी ताशी १२० किलोमीटर वेगाने १.१ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाएवढे) इतक्या आडव्या त्वरणाने वळत असेल, तर त्या वळणाची त्रिज्या सुमारे १०३ मीटर येते, आणि अर्धवर्तुळ पुरे करायला जवळजवळ १० सेकंद लागतात. एवढा वेळ तेलाचा पृष्ठभाग आडवा नसतो. १ जी आडव्या त्वरणात तो बरोबर ४५ अंशांनी कलतो आणि १.२ जी झाले की ५० अंशांपर्यंत जातो. आता पॅनची रुंदी २४ सेंटिमीटर, तेलाची खोली ४ सेंटिमीटर आणि पिकअप मधोमध असे धरले, तर ४५ अंशांच्या कलात सगळे तेल बाहेरच्या भिंतीलगत त्रिकोणी पाचरीसारखे जमते. पिकअपच्या जागी त्याची खोली दोन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. हा हिशेब तेल शांत आहे असे मानून केलेला आहे. प्रत्यक्षात ते फेसाळलेले असते, उसळत असते, आणि ब्रेक दाबल्यावर पुढेही धावते.

यात पंपाचा वाटा वेगळा आहे. समजा पंप उच्च वेगाला मिनिटाला ४० लिटर तेल ढकलत आहे आणि इंजिनात एकूण ८ लिटर तेल आहे. म्हणजे सगळे तेल १२ सेकंदांत एक फेरी मारते. त्यातले जे तेल वर सिलिंडर हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) गेले, ते १० सेकंदांच्या वळणात खाली परतलेच नाही तर पॅन कोरडे पडायला दुसरे कारण लागत नाही.

बॉक्सर इंजिनाला हा त्रास अधिक का होतो?

सरळ उभ्या इंजिनात पॅनच्या बाजूच्या भिंती तेलाला अडवतात. बॉक्सरमध्ये सिलिंडर आडवे झोपलेले असतात आणि सिलिंडर हेड गाडीच्या दोन्ही बाजूंना, पॅनपासून फारशा उंचीवर नसतात. त्यामुळे वळणात बाहेर ढकललेल्या तेलाला अडवायला भिंत नसते; त्याला थेट बाहेरच्या हेडकडे जाणारी वाट मोकळी मिळते. एम९६ आणि एम९७ मध्ये हेडमधले तेल ओढून परत पाठवण्यासाठी कॅमशाफ्टवर चालणारे छोटे पंप दिलेले आहेत, पण गुळगुळीत रबराचे शर्यतीचे टायर आणि लांब वळण यांची गाठ पडली की ते कमी पडतात.

पोर्शेने या व्यवस्थेला 'इंटिग्रेटेड ड्राय सम्प' म्हटले आहे. मग स्वतंत्र सुधारणेची गरज काय?

हे नाव वाचून अनेकांची फसगत होते. सम्प म्हणजे तेल साठण्याची जागा. खऱ्या ड्राय सम्पमध्ये तेल इंजिनाबाहेरच्या स्वतंत्र टाकीत असते. त्याच काळातल्या ९११ जीटी३ मध्ये ती व्यवस्था होती आणि तिचे इंजिनही वेगळ्या घराण्याचे होते. एम९६ मध्ये मात्र तेल इंजिनाखालच्या पॅनमध्येच राहते. क्रँकशाफ्टपासून ते आडपडद्यांनी वेगळे केलेले असते, एवढेच. रस्त्यासाठी ही रचना उत्तम आहे, परंतु माझ्या मते ट्रॅकवर जाणाऱ्याने तिला साधे वेट सम्पच (तेल पॅनमध्येच साठवणारी रचना) समजावे, म्हणजे खोट्या भरवशावर राहण्याची वेळ येत नाही.

पोर्शेने स्वतः ९११ साठी दिलेल्या एक्स५१ या अधिक शक्तीच्या पॅकेजमध्ये पॅनमधील आडपडदे वेगळे होते. तेच आडपडदे नंतर साध्या गाड्यांत बसवण्याची पद्धत रूढ झाली, यावरून काय ते समजावे.

तेलाचा दाब क्षणभर पडल्याने खरोखर एवढे बिघडते का?

होय. ६,००० आरपीएमला क्रँकशाफ्ट सेकंदाला १०० फेरे घेतो. अर्धा सेकंद दाब नाहीसा झाला तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांनी तेलाच्या पुरेशा थराविना ५० फेरे सोसलेले असतात, आणि प्रत्येक फेऱ्यात त्यांच्यावर पूर्ण भार असतो. एकदा असे झाल्याने इंजिन बंद पडत नाही, हाच यातला धोका आहे. बेअरिंगचा मऊ थर थोडा थोडा निघत जातो, चालकाला काही जाणवत नाही, आणि कित्येक ट्रॅक दिवसांनंतर एका साध्या सरळ रस्त्यावर ठोके ऐकू येतात. मग दोष त्या दिवशीच्या तेलाला किंवा मेकॅनिकला दिला जातो.

माझ्या गाडीला सुधारणेची गरज आहे हे कसे ओळखावे?

मोजून ओळखावे. पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये तेलाच्या दाबाचा काटा नाही. ९११ मध्ये तो आहे, पण वळणात कोणाचेच लक्ष त्याच्याकडे नसते. धोक्याच्या लाल दिव्यावर विसंबणे व्यर्थ आहे, कारण साधारणपणे तो दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो. ६,००० आरपीएमला ४ बारच्या जागी १.५ बार दाब असेल तरी दिवा शांत असतो.

म्हणून आधी दाबाचा सेन्सर आणि नोंद ठेवणारे उपकरण बसवावे, आणि त्याच कालरेषेवर आरपीएम व आडवे त्वरण यांचीही नोंद घ्यावी. उपकरण सेकंदाला किमान १० वाचने घेणारे असावे. त्याहून मंद उपकरण नेमका तो अर्धा सेकंद चुकवते. हा खर्च जड वाटत असेल तर फोनचा कॅमेरा काट्यावर रोखून ठेवणे हा गरिबाचा, पण उपयोगी मार्ग आहे. प्रत्येक १,००० आरपीएमला सुमारे ०.७ बार हा जुना ठोकताळा तुलनेसाठी पुरेसा आहे. आलेखात आरपीएम स्थिर असताना एखाद्या वळणाच्या मध्यावर किंवा शेवटी दाब खाली झुकत असेल, तर पिकअप हवा ओढत आहे असे समजावे. दाब सर्वच वळणांत आणि सरळ रस्त्यावरही सारखाच कमी असेल, तर प्रश्न तेल तापण्याचा, पातळ होण्याचा किंवा पंपाचा आहे. त्यावर नवे पॅन बसवून काहीही साधणार नाही.

नुसते तेल थोडे जास्त भरले तर चालणार नाही का?

पातळी वरच्या खुणेपर्यंत पूर्ण ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. वर दिलेल्या हिशेबात तेलाची खोली ४ ऐवजी ८ सेंटिमीटर धरली, तर त्याच कलात पिकअपवर दोन नव्हे, साडेसात सेंटिमीटर तेल राहते. अर्थात त्यासाठी पाचरीचा बाहेरचा काठ पॅनच्या भिंतीत मावला पाहिजे, आणि बॉक्सरमध्ये तो मावत नाही. तरीही अर्ध्या खुणेवर तेल ठेवून ट्रॅकवर उतरणाऱ्याने महागड्या भागांची चर्चा करू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

खुणेच्या वर भरणे ही वेगळी गोष्ट आहे. फिरणारा क्रँकशाफ्ट तेलाला घुसळतो, ताकासारखा फेस होतो, आणि फेस दाबला जात असल्याने बेअरिंगला आधार देऊ शकत नाही. शिवाय या इंजिनांत वाफांमधून तेल वेगळे करणारा एक भाग असतो; जादा तेल त्यातून इनटेकमध्ये ओढले जाते आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट निघतो. तो भाग जुना असेल तर खुणेपर्यंतच भरूनही ट्रॅकवर असा धूर दिसू शकतो, तेव्हा तो आधी बदलावा.

आडपडदे बदलावेत की पूर्ण खोल पॅन घ्यावे?

दोन्हींची कामे निराळी आहेत. आडपडदा तेलाला पिकअपपासून दूर पळू देत नाही. चांगल्या आडपडद्यात एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात: तेल पिकअपच्या कप्प्यात शिरताना त्या उघडतात आणि तेल बाहेर पडू लागले की मिटतात. खोल पॅन पिकअपला आणखी खाली नेते आणि त्याच्यावर तेलाचा साठा वाढवते. केवळ खोली वाढवली आणि आत आडपडदा नसला, तर अधिक तेल अधिक जोराने हिंदकळेल, एवढाच फरक पडेल.

या इंजिनांसाठी अमेरिकेतील एलएन इंजिनिअरिंगचा २ क्वार्टचा, म्हणजे सुमारे १.९ लिटर जादा तेलाचा, खोल पॅनचा संच परिचित आहे. इंजिन आणि पॅन यांच्यामध्ये बसणारी चौकट, लांब केलेला पिकअप आणि आडपडदे, असे त्याचे स्वरूप आहे. अशा संचात पॅन खाली जाते, पण इंजिनातील तेलाची वरची पातळी जिथे होती तिथेच राहते. म्हणून तेल बदलताना तेवढे तेल जास्त भरावे लागते, हे सर्व्हिस करणाऱ्याला लेखी सांगून ठेवावे. नेहमीच्या सवयीने त्याने जुन्या मापाने तेल ओतले तर केलेल्या खर्चावर पाणी पडते.

माझा कल असा आहे: रस्त्यावरचे टायर आणि वर्षातून तीन-चार ट्रॅक दिवस असतील, तर चांगला आडपडदा आणि पूर्ण पातळी पुरते. शर्यतीसाठीचे चिकट टायर घेतले की आडवे त्वरण वाढते आणि खोल पॅन त्याच वेळी घ्यावे. टायरचे पैसे आहेत पण पॅनचे नाहीत, असे असेल तर टायरही पुढच्या वर्षी घ्यावेत.

ॲक्युम्युलेटर काय असतो आणि तो पॅनला पर्याय ठरतो का?

ही आत पिस्टन असलेली एक नळकांडी टाकी असते. पिस्टनच्या एका बाजूला दाबाखालची हवा आणि दुसऱ्या बाजूला इंजिनाचे तेल असते. इंजिनातील दाब पडताच हवा पिस्टनला ढकलते आणि साठवलेले तेल बेअरिंगांकडे जाते. कँटन कंपनीचा ॲक्युसम्प हा यातला सर्वांत प्रसिद्ध प्रकार आहे. त्याचा एक मोठा फायदा ट्रॅकशी संबंधित नाही: इंजिन सुरू करण्यापूर्वी झडप उघडली की बेअरिंगांना आधीच तेल मिळते.

मात्र टाकीतले तेल मर्यादित असते आणि काही सेकंदांत संपते. दहा सेकंदांच्या वळणाला ते अपुरे पडू शकते, आणि वळण संपल्यावर पंपाला ती टाकी पुन्हा भरावी लागते. म्हणून तो पॅनला जोड म्हणून ठीक आहे; पर्याय म्हणून नाही. टाकी केबिनमध्ये किंवा सामानाच्या जागेत बसवली तर गरम तेलाची नळी माणसाजवळून जाते, याचाही विचार करावा.

मग सरळ ड्राय सम्पच का बसवू नये?

शर्यतीत नियमितपणे उतरणार असाल तर बसवावा. हौशी चालकाला बाहेरची टाकी, अनेक टप्प्यांचा पंप, पट्टा, नळ्या आणि त्यांची देखभाल परवडत नाही, आणि नीट न जुळवलेला ड्राय सम्प चांगल्या वेट सम्पपेक्षा अधिक घातक ठरतो.

पॅन बसवण्याचे काम घरी करता येते का?

अनुभवी हाताला येते. गाडी चारही बाजूंनी समपातळीत घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्यावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. तेल कोमट असताना काढावे आणि पॅन सुटल्यावर थेंब पूर्ण निथळू द्यावेत, शक्य असल्यास रात्रभर.

खरी परीक्षा सीलंटची आहे. या पॅनला वेगळे पॅकिंग नसते. दोन पृष्ठभागांमधला सीलंटचा थरच गळती रोखतो. जुना सीलंट प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढावा, कारण लोखंडी पात्याने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि नंतर तिथूनच तेल झिरपते. पृष्ठभाग तेलमुक्त करून सीलंटची बारीक, अखंड रेघ द्यावी. 'थोडा जास्त लावलेला बरा' ही भावना येथे नुकसान करते: जादा सीलंट आतल्या बाजूला दाबला जातो, वाळतो, तुटतो आणि पिकअपच्या जाळीवर जाऊन बसतो. टोयोटा जीआर८६ आणि सुबारू बीआरझेड या जुळ्या गाड्यांच्या अनेक मालकांनी पॅन उघडल्यावर जाळीत सीलंटचे तुकडे सापडल्याचे दाखवले आहे. ज्या जाळीला तेल मिळावे म्हणून हा सगळा खटाटोप करायचा, तीच आपल्या हाताने बुजवण्यात काय शहाणपण?

बोल्ट लहान असतात आणि इंजिनाचे आटे ॲल्युमिनियमचे असतात. टॉर्क पान्याने, मधून बाहेर, दोन टप्प्यांत ते आवळावेत. अंदाजाने आवळणाऱ्याचे आटे जातात आणि अर्ध्या दिवसाचे काम आठवड्यावर जाते. सीलंट वाळायला त्याच्या वेष्टनावर दिलेला वेळ द्यावा आणि मगच तेल भरावे. पहिल्यांदा इंजिन सुरू करताना दाब आल्याची खात्री होईपर्यंत आरपीएम वाढवू नये.

जुने पॅन उघडल्यावर काय पाहावे?

पॅन खाली उतरते तो दिवस इंजिनाची प्रकृती वाचण्याचा असतो, म्हणून घाईने ते धुऊन टाकू नये. तळाशी तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे असतील तर ते बहुधा चेनच्या मार्गदर्शक पट्ट्यांचे असतात आणि जुन्या इंजिनात थोडेफार सापडतात. चकाकणारी तांबूस किंवा राखाडी पत्री दिसली तर बेअरिंगांचा संशय घ्यावा. चुंबकाला चिकटणारे लोखंडी कण मुबलक असतील तर काम तिथेच थांबवून इंजिन उघडण्याचा विचार करावा. अशा इंजिनाला नवे पॅन बसवणे म्हणजे पडक्या वाड्याला रंग देण्यासारखे आहे.

नव्या पॅनने आयएमएस बेअरिंगचा प्रसिद्ध दोष दूर होतो का?

नाही. आयएमएस म्हणजे इंजिनातला मधला शाफ्ट; त्याचे बेअरिंग निकामी होण्याचा प्रश्न संपूर्ण वेगळा आहे आणि त्याचा उपायही वेगळा आहे. २००९ च्या मॉडेल वर्षापासून आलेल्या नव्या इंजिनात पोर्शेने तो शाफ्टच काढून टाकला.

तेल कोणते वापरावे?

रस्त्यासाठी ०डब्ल्यू-४० चालते. ट्रॅकवर तेलाचे तापमान १३० अंश सेल्सिअसच्या वर वारंवार जात असेल तर ५० दर्जाचे तेल पाहावे. १०० अंशांना ४० दर्जाच्या तेलाची श्यानता (घट्टपणा) १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स आणि ५० दर्जाच्या तेलाची १६.३ ते २१.९ या मर्यादेत असते. परंतु घट्ट तेल हेडमधून खाली यायलाही अधिक वेळ घेते, त्यामुळे केवळ घट्टपणा वाढवून पिकअपचा प्रश्न सुटत नाही. तापमान आटोक्यात आणायचे असेल तर ऑइल कूलर वाढवावा. जादा दोन लिटर तेलाने गाडी तापायला थोडा अधिक वेळ लागतो, पण वीस मिनिटांच्या सत्राच्या शेवटी तापमान तिथेच पोहोचते.

भारतात चालणाऱ्या गाडीला खोल पॅन बसवणे शहाणपणाचे आहे का?

इथे सरधोपट उत्तर देता येत नाही. २५ बाय ३० सेंटिमीटरच्या पॅनमध्ये १.९ लिटर तेल वाढवायचे तर ते सुमारे अडीच सेंटिमीटर खाली येते. ज्याने मुंबई-पुण्याच्या कोणत्याही गृहसंकुलातला गतिरोधक पाहिला आहे, त्याला अडीच सेंटिमीटरांची किंमत सांगावी लागत नाही. गाडी आधीच खाली बसवलेली असेल आणि ट्रॅकपर्यंत ती चालवत नेणार असाल, तर आडपडद्यापर्यंतच थांबावे. ट्रेलरवरून नेत असाल तर खोल पॅनला हरकत नाही. पॅनखाली लोखंडी पत्रा लावताना हवा खेळती राहील असे पाहावे.

ट्रॅकचा स्वभावही लक्षात घ्यावा. ग्रेटर नोएडाच्या ५.१२५ किलोमीटर लांबीच्या बुद्ध सर्किटवरील १० व ११ क्रमांकांचे उजवे वळण लांबच लांब चालते आणि तेल डावीकडे धरून ठेवते. तिथली बाहेरच्या कडेकडे चढत गेलेली धावपट्टी हा कल काहीसा कमी करते, पण वेळ कमी करत नाही. दाबाची पहिली नोंद घ्यायला याहून योग्य जागा नाही.

बसवल्यानंतर देखभाल कशी ठेवावी?

पहिल्या ट्रॅक दिवसानंतर थंड गाडीखाली जाऊन पॅनच्या कडेने बोट फिरवावे; ओल लागली तर बोल्ट आणखी आवळण्याऐवजी सीलंट पुन्हा करावा. प्रत्येक सत्रापूर्वी समपातळीत पातळी तपासावी, कारण ही इंजिने उच्च वेगाला तेल पितात. तेल बदलताना गाळणीचा कागद उलगडून प्रकाशात पाहावा. एम९६ आणि एम९७ मध्ये ती काडतुसासारखी सुटी असल्याने हे काम दोन मिनिटांचे आहे. आडपडद्याच्या झडपा रबराच्या असतील तर गरम तेलाने त्या कालांतराने कडक होतात आणि मिटेनाशा होतात; दोन-तीन वर्षांनी पॅन उतरवून त्या बोटाने हलवून पाहाव्यात. दाबाचे आलेख मात्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवावेत. त्याच वळणावर, त्याच आरपीएमला, तेवढ्याच गरम तेलात दाब मागच्या वर्षीपेक्षा अर्ध्या बारने कमी आला, तर पॅनकडे नव्हे, बेअरिंगांकडे पाहण्याची वेळ आलेली असते.